जुनी मोटारसायकल विकतांना

ठाणें, डोंबिवली आणि कल्याण येथील पुष्कळ घरांतून आज एखादा तरुण मुरबाडवरून माळशेज घाट चढण्याच्या हौसेनें मोटारसायकल बाळगतो. लांबच्या प्रवासाकरितां तो तिला सामानाच्या पेट्या, वारा अडविणारी उंच कांच, जादा दिवे बसवितो. पुढें लग्न होतें, मूल होतें, आणि गाडी विकण्याची गोष्ट निघते. अशा वेळीं घरांतील वडील मंडळींनीं ‘त्याची गाडी, तो पाहील’ असें म्हणून स्वस्थ बसूं नये, असें आम्हांस वाटतें.

पहिली गोष्ट किंमतीची. गाडीवर हौसेनें केलेला खर्च गिऱ्हाइकाकडून पुरता वसूल होत नाहीं; कारण हौस आपली असते, त्याची नसते. जीं उपकरणें सहज निघतात तीं काढून निराळीं विकावीं, आणि मूळचे भाग जपले असल्यास पुन्हां बसवावेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, निर्मात्यानें मुळांत नमूद केलेल्या तपशिलाशीं नोंदणीचा मेळ राहणार नाहीं असा फेरफार करण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें अशा गैर फेरफारास प्रत्येकीं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पैसे हातीं आले व किल्ली दिली, म्हणजे व्यवहार संपला असें नव्हे. ५० व्या कलमाप्रमाणें राज्यांतल्या राज्यांत विकणारानें १४ दिवसांत व घेणारानें ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचें असतें. त्यासाठीं २९ व ३० क्रमांकांचे नमुने आहेत. गाडीवर कर्ज असल्यास तें फेडल्याचा दाखला आधीं घ्यावा. २००७ सालीं विकलेली एक मोटार हातोहात फिरत गेली. २००९ मध्यें तिच्या अपघातांत एकाचा प्राण गेला. नोंदणींत नांव मात्र पहिल्याच मालकाचें राहिलें होतें, आणि २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावरच ठेविली.

आमच्या धर्मशास्त्रांत दान म्हणजे स्वतःचें स्वत्व सोडून दुसऱ्याचें स्वत्व उत्पन्न करणें. उदक सोडल्यावांचून तें पुरें होत नाहीं. विक्रींत हें उदक म्हणजे नोंदणींतील नांवाचा बदल होय. गिऱ्हाईक ओळखीचें असलें तरी तो पुरा झाल्याचें पाहूनच निश्चिंत व्हावें. भिडेखातर राहिलेल्या एका सहीचें ओझें साऱ्या कुटुंबावर पडूं नये.