‘यामातो’चं किट घेताय? आधी हे ठरवा!

जपानची ‘यामातो’ ही इतिहासातली सर्वांत मोठ्या तोफांची युद्धनौका. तिच्या मुख्य तोफांचं तोंड ४६ सेंटिमीटरचं! तिचं प्लास्टिक मॉडेल घेण्याआधी तीन गोष्टी बघा.

📏 स्केल : मूळ जहाज २६३ मीटर लांब. १:७०० मध्ये ते साधारण ३८ सेंटिमीटरचं होतं, म्हणजे पुस्तकांच्या फळीवर सहज मावतं. १:३५० मध्ये ७५ सेंटिमीटर! आधी टेप घेऊन कपाट मोजा.

🌊 तळ : ‘वॉटरलाइन’ किटमध्ये पाण्यावरचाच भाग असतो. खोटा समुद्र करून त्यात जहाज तरंगतं दाखवायचं असेल तर हेच घ्या. पंखे, सुकाणू दिसायला हवं असेल तर ‘फुल हल’.

📅 साल : सगळ्यात महत्त्वाचं! १९४१ मध्ये जहाजाच्या दोन्ही बाजूंना १५.५ सेंटिमीटर तोफांचा एकेक बुरूज होता. १९४४ मध्ये ते काढून तिथे विमानविरोधी तोफा बसवल्या. ७ एप्रिल १९४५ ला बुडालेली यामातो हवी असेल, तर डब्यावरचं साल नक्की वाचा.

पहिलंच जहाज असेल तर १:७०० वॉटरलाइन घ्या. बारीक पितळी रेलिंगचा मोह पुढच्या जहाजासाठी राखून ठेवा. तुमचं पहिलं जहाज कोणतं?