घरातल्या शिल्लक मालाची मोजदाद

व्यापारी घरात वाढलेल्या मुलाला हिशेब शिकवावा लागत नाही. तो पाहूनच शिकतो. वर्षातून एकदा, पूर्वी दिवाळीच्या तोंडावर आणि आता ३१ मार्चला, दुकानातला माल मोजला जातो. प्रत्येक फळी रिकामी होते, ठाण उलगडले जाते, पोती काट्यावर चढतात. दोन हंगामांत जो माल हलला नाही तो बाजूला काढून पडत्या भावाने विकला जातो, कारण पडून राहिलेला माल जागा अडवतो आणि भांडवलही अडकवतो. शिल्लक मालाचे मूल्य धरताना खरेदीची किंमत आणि आज प्रत्यक्ष पदरात पडेल ती किंमत, यांपैकी जी कमी असेल ती धरावी, हा नियम आपल्याकडचा जुना मुनीमही जाणत होता.

त्याच घराच्या माळ्यावरचा माल मात्र चाळीस-चाळीस वर्षे कोणी मोजलेला नसतो. दुकानाची मोजदाद दरसाल होते; घराची होते ती घरातले वडीलधारे माणूस गेल्यावर, आणि तीही घाईघाईने. ती आपल्या हयातीत आणि आपल्या हाताने व्हावी, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

हा साठा जमला कसा, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. नाहीतर आपण वडीलधाऱ्यांना उगाच दोष देऊ. आज साठी-सत्तरीत असलेल्या पिढीने टंचाई पाहिली आहे. शिधापत्रिकेवरची साखर, गॅसच्या जोडणीसाठी आणि स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे पाहिलेली वाट, हे सारे तिच्या अनुभवातले आहे. जी वस्तू मिळवायला इतके सायास पडले, ती मोडली तरी टाकवत नाही. ‘कधीतरी लागेल’ हे त्या काळाचे शहाणपण होते. पुढे स्टेनलेस स्टील आले आणि पितळेचे डबे, तांब्याचा बंब, घंगाळ माळ्यावर गेले. प्लॅस्टिक आले आणि श्रीखंडाचे रिकामे डबेही जपून ठेवण्याजोगे वाटू लागले. आपल्या समाजात देण्याघेण्याचा व्यवहार मोठा. लग्न, वास्तुशांत, तपाचे पारणे, अशा प्रत्येक प्रसंगी घरात वस्तू आली; ती वस्तू म्हणून नव्हे, नात्याची खूण म्हणून आली. म्हणून न उघडलेले चार-चार डिनर सेट, सत्काराच्या शाली आणि स्मृतिचिन्हे कपाटात बसून आहेत. ती काढणे म्हणजे नाते काढणे असे मनाला वाटते.

पूर्वी घराबाहेर जाण्याच्या वाटाही होत्या. बोहारीण दारात येई, जुनी वस्त्रे घेई आणि घासाघीस होऊन एखादे पातेले देई. फाटकी लुगडी गोधडीत जात. चेपलेले भांडे मोडीत घालून वजनावर नवे मिळे. रद्दीवाला ठरल्या दिवशी हाक देई. वस्तू घरात थांबत नसे, फिरत असे. आता बोहारणीला संकुलाच्या फाटकातून आत सोडत नाहीत, गोधडी शिवायला हात नाहीत आणि वस्तू मात्र पूर्वीपेक्षा दसपट वेगाने घरात येतात. आवक वाढली आणि जावक थांबली, की गोदाम भरणारच.

मोजदाद करायची तर आधी खाती पाडावी लागतात. माझ्या मते घरच्या साठ्याची तीन खाती पुरतात : उपयोगाच्या वस्तू, कागदपत्रे आणि आठवणीच्या वस्तू. तिन्हींना एकच कसोटी लावली तर घोटाळा होतो.

उपयोगाच्या वस्तूंचा निर्णय सर्वांत सोपा. पुरणयंत्र, पाटा-वरवंटा, सोऱ्या, जादा गाद्या, पाहुण्यांची ताटे यांपैकी जे गेल्या दोन दिवाळ्यांत खाली उतरले नाही, त्याला दुकानाचाच नियम लावावा. येथे खरेदीची किंमत आठवू नये. ती केव्हाच खर्ची पडली आहे. आज ती वस्तू कोणाच्या उपयोगी पडेल, एवढेच पाहावे. चांगल्या स्थितीतले भांडे धर्मशाळेला, वसतिगृहाला किंवा नव्याने संसार मांडणाऱ्या जोडप्याला दिले तर ते पुन्हा चुलीवर चढते. मात्र देण्याजोगे असेल तेच द्यावे. तुटके-फुटके देऊन आपले घर साफ करणे याला दान म्हणत नाहीत.

दुसरे खाते कागदांचे. बँकेत आयुष्य घालवल्याने येथे थोडे सविस्तर सांगतो. घरात अनावश्यक कागद फार आणि आवश्यक कागद त्यांच्याच ढिगात दडलेला, ही नेहमीची स्थिती. ज्या बँक खात्यात किंवा ठेवीत दहा वर्षे व्यवहार नाही, तिची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीकडे वर्ग होते. ती बुडत नाही. खातेदार किंवा वारस बँकेमार्फत मागू शकतो, आणि अशा ठेवी शोधण्यासाठी २०२३ साली ‘उद्गम’ हे संकेतस्थळही सुरू झाले आहे. कंपनीचा लाभांश सलग सात वर्षे उचलला नाही, तर लाभांशाबरोबर त्यावरचे समभागही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. तेही परत मिळतात, पण त्यासाठी कागदांची लांबलचक पायपीट होते. १ एप्रिल २०१९ पासून कागदी प्रमाणपत्रांवरून समभागांचे हस्तांतर सर्वसाधारणपणे होत नाही. म्हणून वडिलांच्या ट्रंकेत अशी प्रमाणपत्रे असतील, तर ती आज बाहेर काढून डीमॅट करून घ्यावीत.

शालूच्या घडीत लपवलेली पाचशे-हजाराची जुनी नोट अजूनही कोठे सापडते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या निर्णयाने चलनातून गेलेल्या त्या नोटा दहापेक्षा अधिक बाळगण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे, हे घरातल्या स्त्रियांना सांगून ठेवावे.

ठेवायचे किती, याचेही गणित आहे. वस्तू व सेवा कराच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात; कंपनीची हिशेबपुस्तके आठ आर्थिक वर्षांची. त्यापलीकडची बिले कोणतेही प्रकरण चालू नसेल तर खुशाल फाडावीत. घर, जमीन आणि दागिन्यांच्या खरेदीचे कागद मात्र कधीही टाकू नयेत; विक्रीच्या वेळी भांडवली नफा त्यांवरून ठरतो. मालमत्ता १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या तारखेचे बाजारमूल्य धरता येते, आणि तेथेही जुना दस्त आधाराला लागतो.

लाल कापडी बांधणीच्या जुन्या वह्यांना मात्र रद्दीचा भाव लावू नका. आजोबा-पणजोबांच्या रोजमेळात त्या काळचे धान्याचे भाव, हुंडीचे व्यवहार, गावोगावच्या पेढ्यांची नावे असतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून असलीच जुनी दप्तरे मिळवत राहिले, आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. मोडीतला कागद आपल्याला वाचता येत नाही म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. जाणकाराला दाखवल्याविना तो घराबाहेर जाऊ देऊ नये.

तिसरे खाते आठवणींचे, आणि खरी अडचण येथेच आहे. नोकरीत असताना एका वृद्ध मातेच्या निधनानंतर तिचा लॉकर उघडताना मी हजर होतो. अशा वेळी साक्षीदारांसमोर वस्तूंची यादी होते. बँकेचा अधिकारी सराफ नव्हे. म्हणून तो ‘सोन्याच्या बांगड्या’ असे न लिहिता ‘पिवळ्या धातूच्या बांगड्या, नग चार’ असे लिहितो. ‘पांढऱ्या धातूची वाटी, नग एक’ हेही लिहून झाले. शेवटी एका कापडी पुरचुंडीतून काळ्या मण्यांच्या बाळाच्या मनगट्या निघाल्या. दोन मुलगे आणि एक मुलगी समोर उभी होती. मुलगी म्हणाली, माझ्या असतील. थोरला म्हणाला, आमच्यानंतर एक भाऊ होऊन गेला होता, त्याच्या असतील. धाकटा काहीच बोलला नाही. त्या मनगट्या कोणाच्या, हे सांगू शकणारी एकच व्यक्ती होती आणि तिच्याच माघारी ही यादी चालली होती. माझ्या छापील नमुन्यात नग आणि वर्णन यांचे रकाने होते. कोणाचे आणि का ठेवले, याचा रकाना नव्हता.

तो रकाना घरातच भरावा लागतो. आपल्या आधीच्या पिढीला हे ठाऊक होते. लग्नातल्या भांड्यांवर नाव आणि तारीख कोरून घेण्याची पद्धत केवळ चोरीच्या भीतीने पडलेली नव्हती. मामाने दिलेल्या तांब्यावर मामाचे नाव असे, म्हणून तो तांब्या साठ वर्षांनंतरही बोलतो. जिच्यावर नाव नाही आणि जिची हकीकत कोणी सांगितली नाही, ती वस्तू पुढच्या पिढीला भंगारच दिसणार. त्यात त्या पिढीचा दोष नाही. पुण्याच्या शुक्रवार पेठेत दिनकर केळकर यांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभारले. तेथे अडकित्ते, दिवे, दौती, स्वयंपाकघरातली भांडी अशा साध्या घरगुती वस्तूच मुख्यत्वे आहेत. त्या कोणाच्या तरी माळ्यावर धूळ खात पडू शकल्या असत्या. कोणीतरी त्यांची ओळख जपली म्हणून लोक त्या पाहायला जातात.

आपल्या परंपरेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात जमीन आणि घर, सोने-चांदी, धनधान्य यांच्या मर्यादेबरोबर ‘कुप्य’ हीही मर्यादा सांगितली आहे. कुप्य म्हणजे वस्त्रे, भांडी आणि तत्सम घरसामान. आपण सोन्याची मर्यादा आठवतो आणि कुप्याची विसरतो. साधू-साध्वी आपली वस्त्रे आणि पात्रे रोज दोन वेळा निरखून पाहतात. त्या पडिलेहणाचा हेतू जीवरक्षा हा आहे, पण त्यातून एक मापही सहज हाती लागते. जेवढे स्वतःच्या हाताने रोज पाहता येते, तेवढेच जवळ राहते. गृहस्थाला रोज जमणार नाही. निदान वर्षातून एकदा तरी प्रत्येक वस्तूला आपला हात लागावा. ज्या ट्रंकेला दहा वर्षे हात लागला नाही, तिच्यात कसर आणि वाळवीचा संसार वाढतो आणि पुढे साफसफाईत त्याचीच हिंसा होते.

तेव्हा वाचकहो, चातुर्मासापूर्वीचे चार रविवार यासाठी राखून ठेवा. एका दिवशी एकच कपाट काढा. आठवणीच्या वस्तूंपैकी खरोखर मोलाच्या निवडा आणि प्रत्येकीबरोबर एक चिठ्ठी ठेवा : कोणी दिली, केव्हा, कोणासाठी ठेवली. हात कापत असेल तर नातवाला मोबाईलवर तुमचा आवाज नोंदवू द्या. मुलांना सरळ विचारा, यातले तुम्हाला काय हवे? पुण्या-बंगळुरूच्या दोन खोल्यांच्या घरात घंगाळ मावत नाही. ‘नको’ म्हणणारा मुलगा तुम्हाला नको म्हणत नसतो. मुलींनाही विचारा आणि सर्वांसमोर विचारा, कारण मागे कुजबूज राहते ती मोलाच्या दागिन्यापेक्षा आईच्या एखाद्या पेटीवरून अधिक. लॉकर आणि ठेवी यांवर नामनिर्देशन केले आहे ना, ते पाहा. मात्र नामनिर्देशिताकडे वस्तू सुपूर्द होते, ती त्याच्या मालकीची होत नाही, हेही ध्यानात असू द्या. मालकी ठरवायची तर मृत्युपत्र हवे.

आणि जे द्यायचे ठरले ते आजच द्या. सुनेला द्यायच्या पाटल्या लॉकरमध्ये तिची वाट पाहत असतील, तर येत्या सणाला त्या तिच्या हातात घाला. आपण दिलेली वस्तू वापरात असलेली पाहणे हा जो लाभ आहे, तो मृत्युपत्राने कोणालाही मिळत नाही.