तारा न जोडता मोजमाप

पदार्थातून वीज कशी वाहते हे बघायचं तर दोन तारा जोडायच्या, हे आपण शाळेत शिकलो. पण पदार्थ भुकटी असेल, किंवा काचेवरचा शंभरेक नॅनोमीटरचा थर असेल, तर तार टेकते तिथलाच अडथळा मोजणीत शिरतो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथे जॉन वॉर्मन, मटाइस द हास आणि सहकाऱ्यांनी तारांना फाटाच दिला आणि काम मायक्रोवेव्हवर सोपवलं.

यंत्राचा गाभा म्हणजे धातूची आयताकृती नळी, वेव्हगाईड. सुमारे 9 गिगाहर्ट्झसाठी तिची आतली पोकळी 22.86 बाय 10.16 मिलिमीटरची. बंद टोकावरून लहर परतते, येणाऱ्या लहरीत मिसळते आणि आत स्थिर लहर तयार होते. विद्युतक्षेत्र जिथे सर्वांत जोरदार, नेमका तिथे नमुना ठेवायचा आणि काही नॅनोसेकंदांचा लेसरचा झोत सोडायचा. प्रकाशाने इलेक्ट्रॉन सुटे होतात, मागे होल, म्हणजे त्यांच्या रिकाम्या जागा, उरतात. विजेचे हे दोन्ही वाहक मायक्रोवेव्हची थोडी ऊर्जा शोषतात. परतणारी शक्ती किती घटली, त्यावरून वाहकता किती वाढली ते निघतं. वाहक संपत जातात तसा संकेत ओसरतो, त्यामुळे त्यांचं आयुष्यही त्याच आलेखात दिसतं.

एक अडचण मात्र राहते. हाती येतो तो गुणाकार: शोषलेल्या दर फोटॉनमागे किती वाहक सुटले, गुणिले इलेक्ट्रॉन आणि होल यांच्या मोबिलिटीची, म्हणजे क्षेत्रात ते किती सहज सरकतात त्या मापाची, बेरीज. हे दोन आकडे वेगळे काढण्यासाठी डेल्फ्टकरांनी लेसरऐवजी व्हॅन डी ग्राफ त्वरकातले 30 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन वापरले. नमुन्यात किती ऊर्जा मुरली हे ठाऊक असल्याने वाहकांच्या संख्येचा अंदाज बांधता येतो. डीएनए ही रेणूंची तार आहे का, हा त्या काळी गाजलेला प्रश्न त्यांनी 1996 साली याच पद्धतीने तपासला. वाहक डीएनएच्या गाभ्यातून सुसाट धावतात असा पुरावा मिळाला नाही. संकेताचा रोख भोवतीच्या पाण्याच्या थराकडे होता. मला हे या यंत्राचं सर्वांत मोलाचं काम वाटतं, कारण त्याने एका लाडक्या कल्पनेला नकार दिला.

हे आकडे वाचताना एक भान हवं. मायक्रोवेव्हच्या इतक्या वेगाने दिशा बदलणाऱ्या विद्युतक्षेत्रात वाहक जागच्या जागी हेलकावतो, स्फटिककणांच्या सीमा क्वचितच ओलांडतो. म्हणून इथली मोबिलिटी बहुधा ट्रान्झिस्टरमध्ये मोजलेल्या मोबिलिटीहून जास्त येते. सौरघटाच्या एखाद्या नव्या पदार्थाचा असा आकडा वाचनात आला, तर तो तारा जोडून मोजलाय की मायक्रोवेव्हने, हे आधी बघा.