‘टाक की आधी, बघू मग’

चैत्र पौर्णिमेच्या दुपारी, जोतिबाच्या यात्रेत, वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर उभं राहून मोबाइलवरून बातमी पाठवणं म्हणजे काय, ते केलेल्यालाच कळतं. नाकातोंडात गुलाल, स्क्रीनवर गुलाल, चार्जिंगच्या भोकातसुद्धा गुलाल. समोर सासनकाठ्या नाचतायत, हलगी कडाडतेय आणि ‘चांगभलं’चा गजर असा की फोनवर पलीकडचा काय बोलतोय ते कळत नाही. नेटवर्क तर लाखभर मोबाइलांत वाटून संपलेलं. अशात एका वर्षी मला खालून, कोल्हापुरातल्या डेस्कवरून फोन आला. “वर चेंगराचेंगरी झालीय म्हणं. टाक की आधी, बघू मग.”

झालं होतं ते एवढंच: दर्शनरांगेत एक बाई उन्हानं भोवळ येऊन पडल्या. लोक बाजूला सरकले, कठड्यापाशी थोडी रेटारेटी झाली. कुणीतरी पाणी दिलं, बाई उठून बसल्या आणि रांग पुढं सरकली. मी हे सांगेपर्यंत डेस्कनं मथळा लावून टाकला होता: ‘जोतिबा डोंगरावर चेंगराचेंगरी?’ शेवटी प्रश्नचिन्ह.

त्या प्रश्नचिन्हापासूनच सुरुवात करू, कारण ऑनलाइन बातमीदारीतला सगळ्यात लाडका गैरसमज तोच आहे. प्रश्नचिन्ह लावलं, किंवा ‘म्हणे’, ‘सूत्रांची माहिती’ असं काही जोडलं, की आपण काही ठामपणे म्हटलंच नाही! वाचणारा मात्र प्रश्नचिन्ह वाचत नाही. ज्याची आई सकाळी एसटीनं डोंगरावर गेलीय, तो फक्त ‘चेंगराचेंगरी’ वाचतो आणि फोन लावत बसतो. फोन लागत नाही, आणि न लागण्याचं कारण गर्दीचं नेटवर्क आहे, हे त्याला कोण सांगणार? त्या दिवशी अर्ध्या तासात आमच्याकडं इतके फोन आले की शेवटी उचलायचं बंद केलं.

हा शब्द महाराष्ट्रात हलका नाही. 25 जानेवारी 2005 रोजी वाईजवळच्या मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत अडीचशेहून जास्त माणसं गेली. 29 सप्टेंबर 2017 ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर 23 जणांचा जीव गेला. पावसात जिन्यावर गर्दी दाटली होती. कुणीतरी ‘फूल गिर गया’ म्हणालं आणि पुढच्यांनी ‘पूल गिर गया’ ऐकलं, असं तिथून वाचलेल्या काहींनी सांगितलं होतं. चौकशीत कारणं आणखीही निघाली. पण कोंडलेल्या गर्दीत चुकीचा शब्द पडला तर काय होऊ शकतं, हे कळायला तेवढं पुरे. आता तो शब्द तोंडून नाही, नोटिफिकेशन होऊन थेट गर्दीतल्या माणसाच्या खिशात वाजतो. घरी बसलेल्याला घाबरवणं हा एक भाग झाला. डोंगरावरच उभ्या असलेल्यानं ती बातमी वाचली तर तो दरवाजाकडं धावेल, ही भीती मला जास्त वाटते.

दुसरं, गर्दीचे आकडे. दरवर्षी ‘पाच लाख’, ‘सात लाख’, ‘विक्रमी दहा लाख’. आकडा अधिकाऱ्यानं दिला की तपासायची गरज नाही, असं आपण धरून चालतो. अमेरिकेतले पत्रकारितेचे प्राध्यापक हर्बर्ट जेकब्स यांनी 1960 च्या दशकात एक सोपा हिशेब मांडला: दाट गर्दीत एका माणसाला साधारण साडेचार चौरस फूट जागा लागते. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट, म्हणजे एकरात साडेनऊ हजारांच्या वर थोडी माणसं. एका वेळी सहा लाख माणसं डोंगरावर उभी करायची तर साठ-बासष्ट एकर मोकळी जागा हवी, आणि तीही दुकानं, ओवऱ्या, वाड्या, पायऱ्या सोडून. ती कुठं आहे, हे डोंगर चढलेल्यानंच सांगावं. याचा अर्थ आकडा खोटाच असतो असं नाही. दोन-तीन दिवसांत येऊन गेलेल्या सगळ्यांची ती बेरीज असू शकते. पण ‘एका दिवसात’, ‘एकाच वेळी’ हे शब्द बातमीदार आपल्या पदरचे घालतो. आकडा कुणी दिला आणि किती काळाचा, या दोन गोष्टी लिहिल्या तरी अर्धं काम होतं.

‘आम्ही फक्त व्हायरल व्हिडिओ दाखवला, पुष्टी केलेली नाही’ हे वाक्य तर आता बातमीखालच्या नेमाच्या ओळीसारखं झालंय. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. त्या काळात मुलं पळवण्याची अफवा पसरवत देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंतला एक कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षेसाठी जनजागृती म्हणून केलेला होता. त्याचा शेवटचा, खुलासा करणारा भाग कुणीतरी कापला होता. व्हिडिओची पुष्टी करत नाही म्हणणं म्हणजे ‘हे विष आहे की नाही माहीत नाही, पण घ्या’ असं म्हणत वाढण्यासारखं आहे.

जोतिबाचे व्हिडिओ तपासायला फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही, डोंगराची माहिती लागते. 2020 आणि 2021 ला कोरोनामुळं चैत्र यात्रा भरलीच नाही, तेव्हा त्या वर्षांच्या नावानं सासनकाठ्यांची गर्दी दिसली तर ती जुनी. पालखी यमाईच्या देवळाकडं निघते ती दिवस कलल्यावर. तेव्हा पालखीचा व्हिडिओ ‘आज सकाळी नऊ वाजता’ म्हणून आला तर दाल में काला आहे. पहिला मान निनाम पाडळीच्या सासनकाठीचा, हे ज्याला ठाऊक आहे तो फ्रेम बघूनच सांगेल की मिरवणूक सुरू होतेय की रंगात आलीय. दूरच्या डेस्कवरच्या पोरांना हे कळणार नाही, हे मान्य. ‘वाडी रत्नागिरी’ वाचून जोतिबाला रत्नागिरी जिल्ह्यात नेऊन ठेवलेली बातमीही मी पाहिली आहे. पण मग तिथल्या माणसाला फोन करावा. तो सगळ्यात जुना उपाय आहे आणि अजूनही चालतो.

‘बातमी खरी आहे ना, मग झालं.’ हा गैरसमज पकडायला जास्त अवघड, कारण त्यात खोटं काहीच नसतं. पावसाळ्यात आपल्याकडं ठरलेला मथळा येतो: ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’. खरंच उघडलेले असतात. पण राधानगरी धरणाचे हे दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की बंद होतात. असे सात दरवाजे आहेत, आणि एका दरवाजातून 1,428 क्युसेक पाणी भोगावतीत पडतं. एक दरवाजा उघडणं आणि सातही उघडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर किती फुटांवर आहे, इशाऱ्याची पातळी 39 आणि धोक्याची 43 फूट, हे सोबत नसेल तर मथळा खरा असूनही घाबरवणाराच ठरतो. 2019 आणि 2021 चा महापूर ज्यानं घरात भोगलाय, त्या शिरोळकडच्या माणसानं ‘दरवाजे उघडले’ एवढंच वाचलं की तो माळ्यावर सामान चढवायला लागतो. त्याला दोष देता येत नाही.

आता कायद्याचं, थोडक्यात. ‘ऑनलाइनला काही नियमच नाहीत’ असं पोर्टलवाले बिनधास्त म्हणतात. प्रेस कौन्सिलचा अधिकार छापील वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्थांवर आहे, एवढं खरं. केंद्रानं फेब्रुवारी 2021 मध्ये डिजिटल माध्यमांसाठी आचारसंहिता आणली. त्यातल्या मुख्य तरतुदींना मुंबई उच्च न्यायालयानं 14 ऑगस्ट 2021 रोजी अंतरिम स्थगिती दिली. त्यावरून काहींनी रान मोकळं झालं असा अर्थ काढला. पण बदनामीचा कायदा कागद आणि स्क्रीन असा भेद करत नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. मूल असेल तर पोक्सो कायद्याचं कलम 23 आहेच. गावाचं नाव, शाळेचं नाव आणि बापाचा व्यवसाय देऊन ‘नाव बदलले आहे’ लिहायचं, याला ओळख लपवणं म्हणत नाहीत. छोट्या गावात तेवढ्यावर घर सापडतं.

मुलांवरून आठवलं. यात्रेत पोरं हरवतात. फोटो टाकला की मदत होते, म्हणून टाकावाच, असं सगळ्यांना वाटतं. पोलिसांच्या मदत केंद्रातून आला असेल तर टाकावा, हे माझंही मत. पण पोर आईच्या कडेवर परत गेल्यावर तो रडका फोटो, नाव, गाव, वडिलांचा मोबाइल नंबर हे सगळं आपल्या साइटवर तसंच राहतं. पाच-सात वर्षांनी तेच पोर शाळेतल्या दोस्तांबरोबर स्वतःचं नाव शोधतं आणि पहिलं ते दिसतं. मूल सापडलं की फोटो आणि नंबर काढणं हे काम कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवायला हवं, नाहीतर ते कुणाचंच नसतं.

आणि डिलीट. ‘चूक झाली, काढून टाकली, विषय संपला.’ त्या चेंगराचेंगरीच्या बातमीचं आम्ही नेमकं हेच केलं. तासाभरात पान उडवलं, दुरुस्ती लावली नाही, लावली तर आपलीच नाचक्की म्हणून. खरं तर त्याच पत्त्यावर, त्याच मथळ्याच्या जागी चार ओळी पुरल्या असत्या: काय छापलं होतं, काय चुकीचं होतं, प्रत्यक्षात काय घडलं, दुरुस्ती किती वाजता केली. छापील पेपर दुसऱ्या दिवशी भेळेला जातो, त्यामुळं पानाच्या कोपऱ्यातली ‘चूकभूल’ तिथं खपून जाते. ऑनलाइन बातमीला असा दुसरा दिवसच नसतो.

पुढच्या चैत्रात, यात्रेआधीच्या वाऱ्या म्हणजे खेटे उरकून यात्रेची तयारी चालू असताना, एका भावकीच्या ग्रुपवर तो स्क्रीनशॉट परत आला. तारीख कापलेली, आमचा लोगो शाबूत. एका मानकऱ्यानं फोन करून विचारलं, “ही आजची हाय का वो?” नाही म्हणालो. “मग तसं तुमच्याच साइटवर लिहिलेलं काय असलं तर पाठवा, ग्रुपवर टाकतो.” पाठवायला काही नव्हतं. पान आम्हीच उडवलं होतं.