दहावीनंतर कोणती वाट?

उन्हाळा सरत आला की गावातले लोक दोन गोष्टींची वाट पाहतात. एक पावसाची आणि दुसरी दहावीच्या निकालाची. पाऊस लांबला तर पेरणी लांबते. पण निकालानंतर न विचारता वाट धरली, तर पोराची दोन-तीन वर्षे वाया जातात. म्हणून या धड्यात आपण दहावीनंतरच्या वाटांची माहिती घेऊ.

एक गुणपत्रिका

एकदा निकालानंतर आमच्या रात्रीच्या वर्गाला एक शेतकरीदादा जरा लवकरच आले. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. म्हणाले, "गुरुजी, थोरल्या पोरीचे मार्क आहेत. मीच वाचतो. चुकलं तर सांगा."

ओळीवर बोट ठेवून ते वाचू लागले. मराठी ७१. हिंदी ६४. इंग्रजी ४८. गणित ५२. विज्ञान ६६. सामाजिक शास्त्रे ६९. एकही आकडा चुकला नाही. दोन वर्षांपूर्वी हेच दादा कागदावर अंगठा उठवीत होते.

आम्ही त्यांना सांगितले, "प्रत्येक विषयाला १०० गुण असतात. पास व्हायला ३५ लागतात. विषय सहा, पण ज्या पाच विषयांत जास्त गुण आहेत तेच धरून शेकडा काढतात. करा बेरीज."

दादांनी इंग्रजी सोडून बेरीज केली. ३२२ आली. ५०० पैकी ३२२, म्हणजे शेकडा ६४ च्या थोडे वर. दादांचा चेहरा खुलला. पण लगेच ते गंभीर झाले.

"पोरगी म्हणते, नर्स व्हायचं. गावच्या कॉलेजात नुसती कला शाखा आहे. विज्ञान शिकायचं तर तालुक्याला जावं लागतं, २० किलोमीटर. भावकी म्हणते, पोरीला एवढ्या लांब कशाला धाडायचं? बारावी कुठूनही केली तरी बारावीच. गुरुजी, खरं काय?"

हा प्रश्न एकट्या दादांचा नाही. तो घरोघरचा आहे. "बारावी कुठूनही केली तरी बारावीच" हे बोलणे निम्मे खरे आहे आणि निम्मे खोटे. ते कसे, ते पाहू.

तीन शाखा

दहावीपर्यंत सगळी मुले एकाच रस्त्याने चालतात. दहावीनंतर रस्त्याला फाटे फुटतात. अकरावी-बारावीला मुख्य शाखा तीन: कला, वाणिज्य आणि विज्ञान.

कला शाखेत भाषा, इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र असे विषय असतात. काही लोक या शाखेला कमी लेखतात. ते बरोबर नाही. पोलीस शिपायाच्या भरतीला बारावी पास लागते, मग शाखा कोणतीही असो. वकील व्हायचे तर कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर ५ वर्षांचे कायद्याचे शिक्षण घेता येते. तहसीलदार होण्याची परीक्षा द्यायला कोणतीही मान्य पदवी चालते.

वाणिज्य शाखेत हिशेब, व्यापार आणि अर्थशास्त्र शिकवतात. गावची सोसायटी, दूध डेअरी, बाजार समिती, बँक, दुकान, सगळीकडे हिशेब जाणणारा माणूस लागतो.

विज्ञान शाखेत पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र असते. त्यांच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र घेतात. काही मुले दोन्ही घेतात. इथेच नीट ध्यान द्या. इंजिनियर व्हायचे तर गणित हवे. डॉक्टर व्हायचे तर जीवशास्त्र हवे. नुसते "पोरगं सायन्सला आहे" म्हणून भागत नाही. त्याने कोणते विषय घेतले, हे विचारले पाहिजे.

आणखी एक गोष्ट आहे. विज्ञान घेतलेला मुलगा बारावीनंतर कला किंवा वाणिज्याच्या पदवीकडे वळू शकतो. पण कला घेतलेल्या मुलाला डॉक्टरकी, औषधशास्त्र किंवा कृषी पदवीकडे वळता येत नाही. त्या वाटेला लागणारे विषयच त्याने शिकलेले नसतात.

म्हणून काय सगळ्यांनीच विज्ञान घ्यावे? मुळीच नाही. ज्याला गणित-विज्ञान झेपत नाही, त्याला बळेच तिकडे ढकलले तर तो बारावीलाच अडकतो. काळ्या रानात येणारे पीक मुरमाड रानात पेरू नये. रान पाहून बी निवडावे, तसा मुलाचा कल पाहून विषय निवडावा.

नर्स व्हायच्या वाटा

आता दादांच्या मुलीकडे वळू. नर्स होण्याच्या वाटा एकाहून जास्त आहेत.

पहिली वाट पदवीची. तिला बी.एस्सी. नर्सिंग म्हणतात. हे शिक्षण ४ वर्षांचे आहे. त्यासाठी बारावीला पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. प्रवेश परीक्षाही द्यावी लागते.

दुसरी वाट पदविकेची. तिला जी.एन.एम. म्हणतात. हे शिक्षण ३ वर्षांचे आहे. कला शाखेची बारावीही तिला चालते. मात्र इंग्रजीत बरे गुण लागतात. जी.एन.एम. झाल्यावर आणखी २ वर्षे शिकून पदवी घेता येते.

म्हणजे दादांच्या मुलीने गावातच कला शाखा घेतली, तरी ती नर्स होऊ शकेल. भावकीचे बोलणे इतपत खरे. पण पदवीला तिला चाराऐवजी पाच वर्षे लागतील. शिवाय उद्या तिच्या मनात औषधांचे दुकान काढायचे आले, तर ती वाट बंद असेल. औषधशास्त्राच्या पदविकेला विज्ञानाचीच बारावी लागते. भावकीचे बोलणे इतपत खोटे.

दादा विचारात पडले. म्हणाले, "पण रोजचं एसटीचं भाडं?"

आम्ही म्हणालो, "दादा, गावाकडच्या बारावीपर्यंतच्या मुलींना शाळा-कॉलेजात जायला एसटीचा पास फुकट मिळतो. अहिल्याबाई होळकर यांच्या नावाची ती योजना आहे. कॉलेजात चौकशी करा."

दादांना हे ठाऊकच नव्हते. माहिती नसली की दारातली सोयही दिसत नाही.

आयटीआय म्हणजे हलके शिक्षण नव्हे

तेवढ्यात वर्गातले एक काका पुढे सरकले. म्हणाले, "माझ्या नातवाला शेकडा ४३ पडले. त्याला पुस्तकाचा कंटाळा. पण मोटार बिघडली की पठ्ठ्या खोलून बसतो. त्याचं काय करू?"

अशा मुलासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय, आहे. तिथे वीजतंत्री, जोडारी, वेल्डर, डिझेल मेकॅनिक असे कितीतरी व्यवसाय हाताने शिकवतात. वीजतंत्री आणि जोडारी ही कामे शिकायला २ वर्षे लागतात. वेल्डरचे काम १ वर्षात शिकता येते. पुढे कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून काम मिळू शकते. त्यासाठी १९६१ सालचा कायदा आहे. शिकता शिकता ठरलेले विद्यावेतन मिळते. रेल्वेत इंजिन चालवणाऱ्याचा मदतनीस व्हायलाही दहावीच्या जोडीला ठराविक व्यवसायांचे आयटीआय चालते.

तिथेच शिक्षण संपते असेही नाही. दहावीनंतर २ वर्षांचे आयटीआय केलेल्या मुलाला तंत्रनिकेतनात पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. तंत्रनिकेतनाची पदविका दहावीनंतर ३ वर्षांची असते. ती झाली की इंजिनियरिंग पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. पायऱ्या जास्त, पण जिना तोच.

काका म्हणाले, "लोक म्हणतात, नापासांची शाळा ती."

आम्ही म्हणालो, "काका, रात्री विहिरीवरची मोटार जळाली तर कुणाला हाक मारता? पदवीवाल्याला की कारागिराला?" सगळा वर्ग हसला. काकाही हसले.

कागद खरा की खोटा?

आता एक सावधगिरीची गोष्ट. आमच्या माहितीतल्या एका बाईंनी शेळ्या विकून मुलीला एका खासगी वर्गात घातले. "सहा महिन्यांत नर्स, नोकरीची हमी" अशी त्यांची पाटी होती. मुलीला रंगीत प्रमाणपत्र मिळाले. पण दवाखान्यात ते कोणी धरेना. कारण नर्सेसच्या परिषदेत नाव नोंदवायला मान्यता असलेल्या संस्थेतलेच शिक्षण लागते. शेळ्या गेल्या, पैसा गेला आणि मुलीचे वर्षही गेले.

म्हणून फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. या शिक्षणाला सरकारची किंवा परिषदेची मान्यता आहे का? प्रमाणपत्र कोण देणार? भरलेल्या पैशाची पावती मिळेल का? तोंडी उत्तरावर जाऊ नका. मान्यतेचा कागद मागा आणि तो स्वतः वाचा. आता तुम्हाला वाचता येते.

दाखले आधी काढून ठेवा

पुष्कळ मुलांचा प्रवेश गुणांवाचून नाही, तर दाखल्यावाचून अडतो. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचा दाखला तयार ठेवावा. राखीव जागा असेल तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागते. इतर मागासवर्गीयांना नॉन-क्रीमीलेअरचा दाखलाही लागतो. हे दाखले एका दिवसात हाती पडत नाहीत. निकालाची वाट न पाहता परीक्षा संपताच अर्ज करावा.

२०२५ सालापासून सगळ्या राज्यात अकरावीचा प्रवेश ऑनलाइन होतो. फॉर्म भरताना मुलाजवळ बसा. कोणती शाखा, कोणते कॉलेज हे डोळ्यांनी पाहा आणि मगच फॉर्म पाठवू द्या.

मुलींसाठी आणखी एक सोय आहे. घरचे वर्षाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी आणि परीक्षा फी माफ आहे. २०२४ साली सरकारने हा निर्णय केला. आपल्या मुलीला तो लागू आहे का, हे प्रवेशाच्या वेळी जरूर विचारा.

नापास झाले तर?

नापास झालेल्या मुलाला टाकून बोलू नका. एक-दोन विषय राहिले तरी अकरावीत बसता येते आणि राहिलेले विषय पुढे सोडवता येतात. उन्हाळ्याच्या निकालानंतर लगेच पुरवणी परीक्षाही होते. वर्ष वाया जात नाही. ज्यांची शाळा मधेच सुटली, त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. हे मुलांपुरतेच नाही. आपल्या वर्गातल्या कुणाच्या मनात असेल, तर त्यांनीही जवळच्या हायस्कुलात विचारावे.

पूर्वी गोष्ट वेगळी होती. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले आणि १८५९ साली तिथे पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. पुढे कितीतरी वर्षे "मॅट्रिक झाला की कारकून" अशी एकच ठरीव वाट लोकांना दिसे. आज वाटा पुष्कळ आहेत. म्हणून तर विचारून चालावे लागते.

शेवटी काय ठरले?

चार दिवसांनी दादा मुलीलाच घेऊन वर्गात आले. आम्ही तिला विचारले, "बाळ, तुला काय वाटतं?"

ती आधी गप्प राहिली. मग म्हणाली, "विज्ञान मला आवडतं. इंग्रजीची भीती वाटते. पण आबा म्हणाले, मी म्हातारपणी अक्षरं शिकलो, तू तर अजून लहान आहेस."

दादा खाली बघून हसले. त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला. त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने एसटीच्या जाण्या-येण्याच्या वेळा लिहिल्या होत्या. अक्षर वाकडेतिकडे होते, पण वेळा बरोबर होत्या.

वाचकहो, तुमच्या घरी कुणी दहावीला असेल, तर आज रात्री जेवणे झाल्यावर त्याला जवळ बसवा. तुला काय आवडते, कोणते विषय झेपतात, पुढे कोणते काम करायचे आणि त्या कामाला कोणते विषय लागतात, एवढे चार प्रश्न विचारा. उत्तरे कागदावर लिहून काढा. मग तो कागद घेऊन त्याच्या गुरुजींना भेटा.