वऱ्हाड : घाटावरचे आणि घाटाखालचे

विदर्भ आणि वऱ्हाड हे शब्द हल्ली सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. प्रशासनाच्या इतिहासात मात्र ते एक नाहीत. नागपूर, भंडारा, चांदा हा भोसल्यांचा मुलूख. वर्धा नदीच्या पश्चिमेचा तो वऱ्हाड. अडगाव आणि गाविलगडच्या लढायांनंतर १८०३ च्या देवगावच्या तहाने ही नदी सीमा ठरली व पश्चिमेकडील प्रदेश निजामाकडे गेला. फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात आला. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा झाला, आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा, असा हा विलक्षण व्यवहार होता.

जिल्ह्यांच्या रेषा प्रत्येक राजवटीने सोयीनुसार बदलल्या. १९०५ पूर्वी अमरावती, एलिचपूर, अकोला, बुलडाणा, वाशिम व वणी असे सहा जिल्हे होते. त्यांचे चार झाले. इमादशाहीची राजधानी राहिलेले एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे गाव उरले. वाशिमला जिल्ह्याचा दर्जा परत मिळण्यास १९९८ साल उजाडावे लागले.

भूगोलाने आखलेली विभागणी मात्र पुसली गेली नाही. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांमधील पूर्णेचे खोरे म्हणजे पयानघाट. अजिंठ्याच्या माथ्यावरील पठार म्हणजे बालाघाट. उत्तरेचा मेळघाट तिसरा, त्याची कहाणी स्वतंत्र आहे. बुलडाणा जिल्ह्यात आजही खामगाव, शेगाव, मलकापूर 'घाटाखाली' आणि चिखली, मेहकर 'घाटावर' असेच बोलले जाते, आणि निवडणुकीची गणितेही त्यावरच मांडली जातात.

'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण मुख्यतः पयानघाटाच्या काळ्या जमिनीला लागू पडते. अमेरिकेतील यादवीच्या काळात (१८६१-६५) कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापूर, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशा सखल मुलखातून गेला आणि बाजारपेठा त्याच्या काठाने वाढल्या. बुलडाणा हे जिल्ह्याचे ठिकाण असूनही तेथे आजतागायत रेल्वे पोहोचलेली नाही.

पण खालच्या सोन्याला मिठाची बाजू आहे. पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, अकोट, संग्रामपूर अशा तीन जिल्ह्यांतील तालुक्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. गाळाचे थर खोल, निचरा मंद आणि भूजल खारे. विहीर खणली तरी पाणी पिण्याच्या वा ओलिताच्या कामाचे नसते. वर बालाघाटात विहिरीचे पाणी गोड, परंतु खडक कठीण व साठा तुटपुंजा. म्हणजे एकाच विभागातील दोन टंचाया मुळातच वेगळ्या आहेत, आणि संपूर्ण विदर्भाची सरासरी काढून केलेल्या हिशेबात त्या दोन्ही दिसेनाशा होतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणाचे पाणी खारपाणपट्ट्यातील गावांना पिण्यासाठी द्यावे, की लाभक्षेत्रातील शेतीसाठी राखावे, हा वाद तेल्हारा परिसरात त्यातूनच उभा राहिला आहे.