महानायकांच्या चित्रकथा आणि ज्यू अस्मिता : मराठी संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

वाङ्मयाच्या अभ्यासात चित्रकथेला दीर्घकाळ दुय्यम स्थान मिळाले. मुलांच्या करमणुकीचे साधन यापलीकडे तिच्याकडे फारसे पाहिले गेले नाही. तथापि, एका स्थलांतरित समाजाने स्वतःविषयी काय सांगितले आणि काय झाकून ठेवले, याचा पुरावा म्हणून अमेरिकन महानायकांच्या चित्रकथा महत्त्वाच्या ठरतात. या कथांच्या आरंभीच्या निर्मात्यांपैकी अनेकजण ज्यू होते. त्यांचे नायक मात्र उघडपणे ज्यू नव्हते. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा अर्थ शोधण्याचा आणि महाराष्ट्रातील बेने इस्रायल समाजाच्या संदर्भात तो तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

१. निर्माते आणि त्यांचा काळ

१९३८ मध्ये 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात 'सुपरमॅन' अवतरला. त्याचे निर्माते जेरी सीगल व जो शुस्टर हे ज्यू स्थलांतरितांचे पुत्र होते. या नायकाचे हक्क त्यांनी १३० डॉलरला विकले. प्रतिष्ठित नियतकालिके आणि जाहिरात संस्था यांची दारे ज्यू तरुणांना सहज उघडत नसत. चित्रकथेचा व्यवसाय हलका मानला जाई, म्हणूनच तेथे प्रवेश सुलभ होता. या क्षेत्रात आलेल्यांनी बहुधा नावेही बदलली. जेकब कर्ट्झबर्ग 'जॅक कर्बी' झाले, स्टॅन्ली लीबर 'स्टॅन ली' झाले, तर रॉबर्ट कान 'बॉब केन' झाले.

महानायकाचे दुहेरी जीवन या पार्श्वभूमीवर समजून घेता येते. घरात एक भाषा, बाजारात दुसरी. घरात एक नाव, कचेरीत दुसरे, हा स्थलांतरितांच्या दुसऱ्या पिढीचा नित्याचा अनुभव असतो. मराठी, कन्नड व तेलुगू यांच्या सहवासात वाढलेल्या सोलापूरसारख्या शहरातील वाचकाला तो अपरिचित नाही. भिडस्त पत्रकार क्लार्क केंट आणि सर्वशक्तिमान सुपरमॅन ही एकाच व्यक्तीची दोन रूपे याच अनुभवाचे अद्भुत रूपांतर आहेत, असे अनेक अभ्यासक मानतात.

२. झाकलेली ओळख आणि तिचे प्रकटीकरण

कर्बी व जो सायमन यांच्या 'कॅप्टन अमेरिका'च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर नायक हिटलरला ठोसा लगावताना दिसतो. मार्च १९४१ अशी तारीख असलेला हा अंक अमेरिका महायुद्धात उतरण्यापूर्वीच प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी, एप्रिल १९४० मध्ये, एस.एस. या नाझी संघटनेच्या मुखपत्राने सीगल यांच्या ज्यू असण्याचा उल्लेख करून 'सुपरमॅन'ची निर्भर्त्सना केली होती. निर्मात्यांनी कथेत जे लिहिले नव्हते, ते शत्रूने अचूक हेरले होते.

उघड उल्लेखासाठी मात्र बराच काळ जावा लागला. १९८० मध्ये 'एक्स-मेन' मालिकेत किटी प्राइड ही ज्यू नायिका आली. १९८१ मध्ये मॅग्नेटो या पात्राच्या पूर्वायुष्याशी आउश्वित्झच्या छळछावणीचा संबंध जोडला गेला. १९६१ मध्ये निर्माण झालेला 'फँटास्टिक फोर'मधील बेन ग्रिम हा ज्यू असल्याचे कथेत स्पष्ट होण्यास २००२ साल उजाडले.

३. 'वेताळ' : एक सावधगिरीचे उदाहरण

मराठी वाचकाला सर्वाधिक जवळचा वाटलेला परदेशी नायक म्हणजे 'वेताळ'. १९६४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'ने त्याला घरोघरी पोहोचविले. मूळ 'फँटम' १९३६ चा, म्हणजे सुपरमॅनच्याही आधीचा. त्याचे जनक ली फॉक हे ज्यू कुटुंबात जन्मले. त्यांचे मूळ नाव लिऑन ग्रॉस. अनुवादात नायकाला आपल्या ग्रामदैवताचे नाव मिळाले आणि त्याचे परकेपण पुसट झाले. लेखकाने आपले नाव बदलले, अनुवादाने नायकाचे.

परंतु येथेच सावध राहणे आवश्यक आहे. वेताळाचा वंश इंग्रज खलाशाचा आहे, आणि अरण्यातील लोकांवर गोऱ्या नायकाने छत्र धरावे ही कल्पना वसाहतवादी आहे. तीत ज्यू आशय शोधणे म्हणजे लेखकाच्या जन्मावरून संहितेचा अर्थ ठरविणे होय. सुपरमॅनच्या 'काल-एल' या पुढे रूढ झालेल्या नावातील 'एल' म्हणजे हिब्रूत ईश्वर, किंवा पाळण्यातून पाठविलेले बाळ म्हणजे मोशे, ही विवेचनेही वाचकांनी लावलेले अर्थ म्हणूनच स्वीकारावीत.

४. बेने इस्रायल : उघड नाव, उघड आख्यान

कोकणातील बेने इस्रायलांनी वेगळी वाट चोखाळली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते 'शनवार तेली' ठरले. त्यांचे वेगळेपण त्यांच्या नावातच होते. चेऊलकर, पेणकर, किहीमकर या आडनावांनी त्यांना गावांशी जोडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी मराठी कीर्तनाचा प्रकार स्वीकारला आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने रचली. अमेरिकेत ज्यू लेखकाने स्वतःचा अनुभव परक्या नायकाच्या मुखवट्याआड ठेवला. कोकणी ज्यूने शेजाऱ्याचा साहित्यप्रकार घेऊन त्यात स्वतःचे नायक उघडपणे उभे केले.

मुंबईत जन्मलेल्या व अमेरिकेत स्थायिक झालेल्या चित्रकार सिओना बेंजामिन यांच्या 'फाइंडिंग होम' या मालिकेत या दोन्ही वाटा एकत्र येतात. त्यांच्या निळ्या वर्णाच्या स्त्रिया बायबलमधील आहेत. पण त्यांच्या घडणीत लघुचित्रशैली, भारतीय देवप्रतिमा आणि चित्रकथा यांचे संस्कार दिसतात.

समारोप

ओळख झाकणे हा केवळ लेखकाच्या स्वभावाचा प्रश्न नसतो. भोवतालचा समाज किती सुरक्षितता देतो, यावर ते अवलंबून असते. ज्या समाजाला शेजाऱ्यांकडून धर्मासाठी छळ सोसावा लागला नाही, त्याला मुखवट्याची गरज भासली नाही. त्यामुळे चित्रकथेतील मुखवटा हा नायकाचा अलंकार नसून त्याच्या काळाविषयीची साक्ष आहे. वर्गात लोकप्रिय वाङ्मय शिकविताना 'नायक कोण आहे' या प्रश्नाइतकाच 'त्याला स्वतःचे नाव का सांगता आले नाही' हा प्रश्नही विचारला जावा.